बारा नावांची यादी

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवासारख्या मंगल प्रसंगी वक्त्याने साहित्याविषयी वा संतवाङ्मयाविषयी बोलावे, असा आपल्याकडे रिवाज आहे. छत्तीसगडात विषयांना तोटाही नाही. बिंबाजी भोसल्यांनी रतनपुरास कारभार मांडला तेथून आरंभ करावा, माधवराव सप्रे यांनी १९०० साली पेंड्र्याहून काढलेल्या ‘छत्तीसगढ मित्र’पाशी क्षणभर थांबावे, वामनराव लाखे यांस वंदन करावे आणि खाली बसावे, एवढी सामग्री आमच्यापाशी होती. परंतु कार्यवाहांनी आग्रह धरला की, यंदा सभागृहात तरुण मंडळी येणार आहेत, तेव्हा आपण खेळावर बोला. आम्ही होकार दिला आणि घरी जाऊन विचारात पडलो. कारण खेळावर बोलावयाचे तर एका जुन्या गोष्टीवर बोलणे आम्हांस प्राप्त होते, आणि ती गोष्ट आमच्या लौकिकात भर घालणारी नाही. तिच्याकडे शेवटी येऊ.

विषय आहे महिलांच्या राष्ट्रीय बास्केटबॉल संघाच्या निवडीवरून होणाऱ्या वादांचा. हा खेळ आपल्या मानाने नवाच. १८९१ साली अमेरिकेत स्प्रिंगफील्ड येथे नेस्मिथ नावाच्या शिक्षकाने व्यायामशाळेच्या कठड्याला पीच फळांच्या दोन करंड्या टांगल्या, आणि पुढच्याच वर्षी सेंडा बेरेन्सन या शिक्षिकेने स्मिथ कॉलेजातील मुलींना तो खेळ शिकविला. म्हणजे मुलींनी हा खेळ पुरुषांकडून उशिराने उसना घेतला असे नव्हे. त्या जवळजवळ पहिल्या दिवसापासून त्यात आहेत. ऑलिंपिकचे दार मात्र त्यांच्यासाठी १९७६ साली माँट्रिऑल येथे उघडले. संघात नावे बारा. मैदानात पाच, बाकावर सात. सारा तंटा या बारा नावांचा.

आमच्या शेजारी राहणाऱ्या एका तरुण इंजिनिअरने २०२४ सालच्या जून महिन्यात आम्हांस भर चहाच्या वेळी विचारले, “काका, केटलिन क्लार्कला वगळले, हे तुम्हांला पटते का?” आम्हांस तेव्हा ही क्लार्कबाई कोण ते ठाऊक नव्हते, हे कबूल करतो. मग त्याने सांगितले व पुढे आम्ही स्वतः वाचून घेतले. आयोवा विद्यापीठाकडून खेळताना या मुलीने ३,९५१ गुण मिळविले होते. अमेरिकेच्या विद्यापीठीय बास्केटबॉलच्या सर्वोच्च श्रेणीत इतके गुण तोवर कोणा स्त्रीने वा पुरुषाने मिळविले नव्हते. तिच्यामुळे रिकामी राहणारी प्रेक्षागृहे भरू लागली होती. व्यावसायिक संघांच्या निवडीत त्या वर्षी पहिले नाव तिचे पुकारले गेले. आणि पॅरिस ऑलिंपिकसाठी जी बारा नावे जाहीर झाली, त्यांत तिचे नाव नव्हते. बेचाळीस वर्षांच्या डायना टोराझी यांचे मात्र होते. देशभर हलकल्लोळ माजला.

निवड समितीचे म्हणणे काय होते? समितीच्या अध्यक्ष जेनिफर रिझोटी यांनी ते उघडपणे मांडले. लोकप्रियता हा आमचा निकष नाही. आंतरराष्ट्रीय सामन्यांचा अनुभव, संघातील जागेची गरज आणि प्रशिक्षकाची खेळण्याची पद्धत हे पाहूनच आम्ही नावे ठरविली, असा त्यांच्या सांगण्याचा आशय होता. क्लार्क वरिष्ठ राष्ट्रीय संघाच्या शिबिरात तोवर आलीच नव्हती, हेही खरे. एप्रिलमधील शिबिराच्या वेळी ती आपल्या विद्यापीठासाठी अंतिम फेरीचे सामने खेळत होती. म्हणजे उत्तम खेळल्यामुळेच तिचे शिबिर हुकले, असेही म्हणता येईल! आम्हांस समितीचा निर्णय पूर्णतः पटत नाही. तरुण रक्ताला बाकावर का होईना, एक जागा ठेवावयास हवी होती, असे आमचे मत. पण कारण सांगितले गेले होते, म्हणूनच आम्हांला त्यावर मत देता येते. कारणच नसेल तर भांडावयाचे कशाशी?

पुढे ऑगस्टच्या ११ तारखेस फ्रान्सशी अंतिम सामना झाला आणि अमेरिका ६७ विरुद्ध ६६ अशी, अवघ्या एका गुणाने जिंकली. अखेरच्या क्षणी गॅबी विल्यम्स या फ्रेंच खेळाडूने दुरून मारलेला चेंडू जाळीत पडला, पण तिचा पाय तीन गुणांच्या रेषेवर होता; गुण दोनच मिळाले. बुटाचा पुढचा भाग चार बोटे मागे असता तर सामना बरोबरीत जाऊन जादा वेळ खेळावा लागला असता. आणि अमेरिका त्यात हरली असती तर आज समितीच्या नावाने काय काय लिहिले गेले असते, याची कल्पना करावी. सलग आठवे सुवर्णपदक मिळाले आणि समिती शहाणी ठरली. निकालावरून निवडीचे शहाणपण ठरविणे हा प्रकार आम्हांस नेहमीच संशयास्पद वाटत आला आहे.

आणि हे तिकडेही प्रथमच घडत नव्हते. कँडेस पार्करला २०१६ साली वगळले. त्याच वर्षी तिने आपल्या लॉस एंजेलिसच्या संघाला व्यावसायिक अजिंक्यपद मिळवून दिले. नेका ओगुमिके हिची कथा याहून करुण. २०१६ ची सर्वोत्कृष्ट व्यावसायिक खेळाडू, परंतु टोकियोच्या यादीत नाव नाही. तिने आईवडिलांच्या नायजेरियाकडून खेळण्याची परवानगी मागितली; जागतिक संघटनेने ती नाकारली, आणि क्रीडा लवादाकडूनही दिलासा मिळाला नाही. तथापि लक्षात घ्या, तिला जाऊन ठोठावण्यासाठी दारे होती. उत्तर ‘नाही’ असे आले, पण आले.

आता आपल्या अंगणात येऊ. रायपूरहून गाडीने तासाभरात भिलाई येते. १९५९ साली तेथील पहिली धमनभट्टी पेटली, हे पाठ्यपुस्तकात असते. त्याच पोलादनगरीत राजेश पटेल नावाच्या प्रशिक्षकाने मुलींचा जो बास्केटबॉल घडविला, तो पाठ्यपुस्तकात नाही. सीमा सिंग, अंजू लकडा, भारती नेताम, एम. पुष्पा, पूनम चतुर्वेदी अशा कितीतरी मुली त्यांच्या हाताखालून जाऊन भारताकडून खेळल्या. कविता अकुला तर शिष्यवृत्ती मिळवून अमेरिकेतील विद्यापीठात खेळण्यास गेली. लहान गावांतल्या, साध्या घरांतल्या या मुली. पहाटे सराव, मग शाळा, संध्याकाळी पुन्हा सराव. पटेल २०१८ साली गेले. त्यांच्या कार्यपद्धतीविषयी मतभेद असणारे लोक होते, असोत. छत्तीसगडसारख्या नव्या राज्याचे नाव देशातल्या महिला बास्केटबॉलमध्ये आदराने, किंबहुना थोड्या धास्तीने घेतले जाऊ लागले, ही त्या माणसाची कमाई होती.

अशा मुलीचा पुढचा प्रवास कसा होतो ते पाहा. ती राज्याकडून चमकते. मग रेल्वेत नोकरी लागते, कारण घरी पगाराची गरज असते, आणि ती रेल्वेच्या संघातून आपल्याच राज्याविरुद्ध खेळू लागते. राष्ट्रीय स्पर्धा पाहून संभाव्य खेळाडूंची यादी निघते, शिबिर भरते, आणि शिबिराच्या अखेरीस बारा नावे उरतात. ज्या मुलीचे नाव गळते तिच्या वतीने बोलावयाचे कोणी? राज्य म्हणते ती रेल्वेची, रेल्वे म्हणते निवड संघटनेची. मुलगी आपली पेटी उचलते आणि कामावर रुजू होते.

त्यात संघटनाच दोन झाल्या म्हणजे काय होते, हे आपण २०१५ साली पाहिले. मार्च महिन्यात भारतीय बास्केटबॉल महासंघाच्या दोन निवडणुका झाल्या, एक बंगळूरला व एक पुण्यात. पहिलीत के. गोविंदराज अध्यक्ष झाले, दुसरीत मुंबईच्या तत्कालीन खासदार पूनम महाजन. आपणच खरे, असे दोन्ही बाजू सांगत होत्या. पुढे जागतिक संघटनेने गोविंदराज यांच्या मंडळास मान्यता दिली. कोणाची बाजू न्याय्य होती, याचा निवाडा करण्यास आम्ही येथे उभे नाही. परंतु त्या काळात वसतिगृहात बसलेल्या खेळाडूचा विचार करा. कोणाचे पत्र खरे मानावे, कोणाच्या शिबिरास जावे, आणि एकाकडे गेले तर दुसरा उद्या दार लावील काय, हे प्रश्न अठरा-वीस वर्षांच्या मुलीने सोडवावयाचे होते. उडी किती उंच, नेम किती अचूक, हे प्रश्न मागेच राहिले.

तरीही आपल्या मुली खेळल्या आणि जिंकल्या, हे सांगितलेच पाहिजे. २०१७ साली बंगळूरला आशिया करंडकाच्या दुसऱ्या गटात कझाकस्तानला ७५ विरुद्ध ७३ असे हरवून भारत वरच्या गटात गेला. पुण्याच्या शिरीन लिमये यांनी पुढे भारताचे नेतृत्व केले, याचा मराठी माणूस म्हणून आम्हांस अभिमान वाटतो. तेवढा अभिमान मंडळाच्या नियमावलीत बसतो, अशी आशा आहे.

निवडीविरुद्ध दाद मागणे म्हणजे शिस्तभंग, असे मानणारे ज्येष्ठ आमच्या परिचयाचे आहेत. त्यांना आम्ही खाशाबा जाधवांची आठवण देतो. १९५२ साली हेलसिंकीच्या संघातून खाशाबांना डावलले गेले तेव्हा ते गप्प बसले नाहीत. त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली, कुस्ती पुन्हा लावली गेली, आणि खाशाबांनी ती जिंकली. मग पैशांसाठी गावाने वर्गणी काढली, राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण टाकले, आणि स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक कराडजवळच्या गोळेश्वरला आले. खाशाबा शिस्तीने घरी बसले असते तर? अर्थात महाराजांची कृपा ही काही व्यवस्था नव्हे. २०१८ साली आशियाई स्पर्धांच्या कबड्डी संघांवरून वाद दिल्लीच्या उच्च न्यायालयात गेला, तेव्हा न्यायालयाने निवडलेले आणि वगळलेले यांचा सामनाच लावण्यास सांगितले. सप्टेंबरच्या १५ तारखेस वगळलेले खेळाडू मैदानात हजर झाले. राष्ट्रीय संघ आलाच नाही. २०२५ च्या राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायद्याने क्रीडा न्यायाधिकरणाची तरतूद केली आहे. ते खेळाडूच्या वेळेत न्याय देईल काय, हे पाहावयाचे. बारा जणींची गाडी सुटल्यावर मिळालेला न्याय मुलीच्या कामाचा नाही.

आता ती जुनी गोष्ट. छत्तीसगड राज्य होण्यापूर्वीची. शालेय मुलींचा एक विभागीय संघ निवडावयाचा होता आणि निवड समितीवर तिघांत एक आम्ही होतो. दोन दिवस चाचणी झाली. अकरा नावांवर एकमत झाले. बाराव्या जागेसाठी दोघी उरल्या. एक आपल्या मंडळातल्याच एका घरातली, चणीने लहान, परंतु हात विलक्षण चपळ. चेंडू तिच्यापाशी आला की समोरच्या मुलीला कळेपर्यंत पुढे गेलेला असे. दुसरी तिच्याहून उंच, खेळ बेताचा. दुसरीच्या वडिलांनी दोन्ही दिवस समितीच्या जेवणाची व्यवस्था केली होती. त्या जेवणाचा आमच्या निर्णयावर परिणाम झाला असे आम्ही म्हणत नाही. झाला नाही असे छातीवर हात ठेवून सांगताही येत नाही. आम्ही उंच मुलीच्या नावापुढे सही केली. कागदावर अभिप्रायाचा एक रकाना होता. तो तिघांनीही कोरा ठेवला.

त्या वर्षी गणेशोत्सवात, आरती आटोपल्यावर, ती मुलगी आईला घेऊन आमच्यापुढे उभी राहिली. रागावलेली नव्हती. तिने विचारले, “काका, मी कुठे कमी पडले?”

आम्ही म्हणालो, “उंचीत, बाळ.”

ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, “पण काका, तिथे उंची कोणी मोजलीच नव्हती.”

खरोखरच मोजली नव्हती. टेप कोणीच आणली नव्हती. आम्ही प्रसादाचे ताट तिच्यापुढे केले आणि दुसऱ्या कोणाशी तरी बोलू लागलो. पुढच्या वर्षी आम्हांस समितीचे निमंत्रण आले, तेव्हा आम्ही प्रकृतीचे कारण सांगितले. त्या मुलीने खेळ सोडला. आमच्यामुळेच सोडला असे तिने कधी म्हटले नाही, आणि विचारण्याचे धैर्य आम्हांस झाले नाही.

गेल्या संक्रांतीला ती तिळगूळ घेऊन आमच्या घरी आली होती. सोबत तिची मुलगी. मुलगी बास्केटबॉल खेळते, आणि पुढच्या रविवारी भिलाईला तिची चाचणी होती. चहा घेताना आईने सहज विचारावे तसे विचारले, “काका, तुम्ही नाहीत ना समितीवर?”

“नाही,” आम्ही म्हणालो.

“मग बरं झालं,” असे म्हणून ती हसली, आम्हीही हसलो. आमच्या स्वयंपाकघराच्या चौकटीवर नातवंडांच्या उंचीच्या पेन्सिलीने केलेल्या खुणा आहेत. मुलगी तेथे टाचा टेकवून उभी होती आणि डोक्यावर तळहात आडवा धरून, आपण कोणत्या खुणेपर्यंत येतो ते पाहत होती.