परत आलेला थर्मास

कवी म्हटलं की माणूस चंद्राबद्दल बोलणार, अशी लोकांची समजूत असते. मी आज थर्मासबद्दल बोलणार आहे.

मी मिरजेत राहतो. मिरज हे दवाखान्यांचं गाव. आसपासच्या तालुक्यांतून, पलीकडे कर्नाटकातूनही पेशंट येतात आणि त्यांच्यामागून डबे, पिशव्या, थर्मास येतात. हवा काढून घेतलेल्या दुहेरी भिंतीची ही युक्ती जेम्स ड्यूअर या शास्त्रज्ञाची, १८९२ सालची. त्यांना अतिथंड द्रवरूप वायू थंड ठेवायचे होते. आपण त्यात चहा गरम ठेवला!

आमच्या शेजारच्या काकांचं ऑपरेशन झालं. अकरा दिवस ते दवाखान्यात, काकू त्यांच्याजवळ. सकाळ-संध्याकाळ आमच्या स्टीलच्या थर्मासातून चहा पोचवायचं काम मी अंगावर घेतलं. शेवटच्या दिवशी थर्मास तिथंच राहिला. काका घरी आले आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्या नातवानं तो पिशवीत घालून आणून दिला.

पत्नीनं झाकण काढून आत पाहिलं. आरशासारखा लख्ख! ती गप्प झाली. मग हळूच म्हणाली, "धोया नहीं, घिसा है."

मी काही बोललो नाही. पण मन मागं गेलं. शाळेत असताना एका मित्राच्या घरी माझा कप वेगळा असे. कोनाड्यात पालथा ठेवलेला. चहा प्रेमानं मिळे, मात्र कप मीच विसळून पुन्हा तिथं ठेवायचा. पन्नाशी उलटली, तरी तो कप मनात तसाच पालथा आहे. वाटलं, आपल्या घरचं भांडं म्हणून घासून दिलं असेल. चार दिवस मी काकांकडे फिरकलो नाही. त्यांच्या दारावरून जाताना मान खाली घालून जायचो.

पाचव्या दिवशी काकूच आल्या. "भाई, रागावलात का? हे रोज विचारतात, कवी का आले नाहीत म्हणून."

मी घुटमळलो. बायकांना अशा वेळी जास्त धीर असतो. पत्नीनं सरळ विचारलं, "काकू, आमचा थर्मास खराब होता का?"

"अगं, खराब कसला! शेवटी विसळायला कढत पाणी घातलं, तर ते लालसर झालं. त्या तोंडातून तुझा हात आत जाणार कसा? म्हटलं, अकरा दिवस तुम्ही धावपळ केलीत, निदान थर्मास तरी चकचकीत करून द्यावा."

मग त्यांनी कृती सांगितली. लिटरभराच्या थर्मासात दोन चमचे खायचा सोडा घालायचा, वरून उकळतं पाणी ओतायचं आणि झाकण न लावता रात्रभर ठेवायचं. सकाळी लांब दांड्याच्या ब्रशनं फिरवून दोन-तीनदा विसळायचं. झाकणातली रबरी चकती काढून वेगळी धुवायची. दुधाचा वास तिथंच दडून बसतो. तारेची घासणी घालायची नाही. चरे पडतात आणि पुढचा डाग त्यातच धरतो. ब्लीचिंग पावडर तर नकोच. त्यातला क्लोरीन स्टीललासुद्धा खातो. सोडा आणि व्हिनेगर एकत्र करून झाकण लावायचं नाही; आत वायू कोंडतो आणि झाकण उडतं.

हा डाग पडतो कशामुळे? चहात टॅनिन असतं. हवा लागली की ते काळपट होतं आणि जड पाण्यातल्या क्षारांशी मिळून भांड्याला पापुद्र्यासारखं चिकटतं. आमच्या बोअरचं पाणी जड. रोज विसळलं, तरी एकेक थर बसत जातो. झाकण उघडून उजेडात पाहिल्याशिवाय तो दिसत नाही. सोडा सौम्य अल्कली आहे. गरम पाण्यात तो हा पापुद्रा सैल करतो. पांढरट क्षार उरले, तर मात्र लिंबाचा रस लागतो.

जाता जाता काकू म्हणाल्या, "आणि रिकामं भांडं देऊ नये म्हणून पिशवीत साखरेची पुडी टाकली होती. मिळाली ना?"

पिशवी दाराआड खिळ्याला तशीच लटकत होती. दोन दिवस तिथं मुंग्यांची रांग लागली होती. कशामुळे, ते आम्ही पाहिलंच नव्हतं.

काकूंना विटाळच मानायचा असता, तर त्यांनी थर्मास पहिल्या दिवशी घासला असता. अकरा दिवस त्या त्यातूनच चहा प्यायल्या आणि घासला तो शेवटी, परत देताना. एवढा साधा हिशेब मला चार दिवस सुचला नाही. कोनाड्यातला कप खरा होता, त्याचं दुःखही खरं होतं. पण तो काकूंच्या घरचा नव्हता.

मी काय समजलो होतो, ते त्यांना त्या दिवशी सांगायचं धाडस झालं नाही. त्या आकाशवाणी नेमानं ऐकतात. काकू, आता ऐकत असाल, तर माफ करा. संध्याकाळी येतो. चहा घेऊनच येतो.