एकेरी रूळ, अनेक थ्रेड



धुळे जिल्ह्यातले आपले नरडाणा स्टेशन ज्या मार्गावर आहे, तो ताप्ती व्हॅली रेल्वेचा मार्ग एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस टाकायला घेतला गेला. त्यानंतर शंभराहून अधिक वर्षे त्याचा बहुतेक भाग एकेरीच राहिला. समोरून गाडी येत असली की आपली गाडी स्टेशनात उभी राहायची आणि डब्यातले लोक म्हणायचे, "क्रॉसिंग आहे." उधना ते जळगाव हा सुमारे तीनशे किलोमीटरचा मार्ग दुहेरी झाला, त्याचे विद्युतीकरणही झाले, आणि १६ फेब्रुवारी २०१९ रोजी धुळ्याच्या कार्यक्रमात तो राष्ट्राला अर्पण करण्यात आला. 

एकेरी रुळाची ही आठवण काढली, कारण आज बोलायचे आहे ते संगणकावरच्या बॉटविषयी, आणि तिथेही एका वाटेवर अनेकांना चालवण्याचाच प्रश्न येतो. ठरावीक काम माणसाऐवजी आपोआप करणारी छोटी स्क्रिप्ट म्हणजे बॉट. खानदेशातली कितीतरी मुले आज अशा स्क्रिप्ट लिहितात. कोणी बाजारभाव गोळा करतो, कोणी एमआयडीसीतल्या एखाद्या कारखान्याच्या ऑफिसात बिलांच्या नोंदी उतरवून घेतो. काम वाढले की ती मुले थ्रेड वाढवतात. थ्रेड म्हणजे त्याच प्रोग्रामचे एकाच वेळी चालणारे वेगवेगळे प्रवाह. पन्नास थ्रेड लावले की काम पन्नास पट वेगाने होईल, असा समज असतो. हा समज कुठे खरा ठरतो आणि कुठे मोडतो, हे नीट पाहायला हवे.

समजा, तुमचा बॉट दोंडाईचा, शिरपूर, धुळे, अमळनेर, चोपडा अशा बाजार समित्यांचे भाव रोज सकाळी आणतो. मिरची, कापूस, मका, सगळे धरून दोनशे पाने उघडायची आहेत आणि प्रत्येक पान यायला दोन सेकंद लागतात. एकामागून एक उघडली तर चारशे सेकंद गेले. या वेळात तुमचा संगणक करतो काय? जवळजवळ काहीच नाही. मागणी पाठवतो आणि उत्तराची वाट पाहत बसतो. इथे आठ थ्रेड लावले तर आठ जण एकदम वाट पाहतात आणि समोरचा सर्व्हर तेवढे पेलत असेल तर काम पन्नासेक सेकंदांत उरकते. थ्रेडचा खरा फायदा हा आहे. रिकामी जाणारी वेळ त्याने भरून निघते.

काम वाट पाहण्याचे नसेल तर गणित बदलते. स्कॅन केलेल्या कागदांवरची अक्षरे ओळखायची असतील, मोठे आकडेमोडीचे काम असेल, तर प्रोसेसर आधीच राबत असतो. त्यातून पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेच्या नेहमीच्या आवृत्तीत एका वेळी एकच थ्रेड पायथनचा कोड चालवू शकतो. नेटवर्कची वाट पाहताना तो आपली जागा सोडतो, म्हणून पाने आणायला थ्रेड चालतात. शुद्ध पायथनमधल्या आकडेमोडीत मात्र ते एकमेकांच्या मागे उभे राहतात. तिथे स्वतंत्र प्रोसेस वापराव्यात. ऑक्टोबर २०२४ मध्ये आलेल्या पायथन ३.१३ मध्ये एका वेळी एकाच थ्रेडची ही अट काढलेली एक प्रायोगिक आवृत्ती मिळू लागली, पण जुन्या संगणकावर रोजचे काम चालवणाऱ्याने तिच्यावर विसंबू नये असे मला वाटते.

आता सामायिक वस्तूंचा प्रश्न. आठही थ्रेड एकाच फाईलमध्ये भाव लिहू लागले तर एकाची ओळ दुसऱ्याच्या ओळीत घुसते. एकेरी मार्गावर हीच भीती असते. दोन स्टेशनांच्या मधल्या रुळावर एका वेळी एकच गाडी हवी. त्यासाठी रेल्वेने टोकनची पद्धत अनेक दशके वापरली. दोन्ही स्टेशनांतली यंत्रे विजेने अशी जोडलेली असत की त्यातून एका वेळी एकच टोकन बाहेर निघे, आणि ते हातात आल्याशिवाय ड्रायव्हर गाडी हलवत नसे. प्रोग्राममध्ये लॉक हेच काम करते. एड्सखर डाइक्स्ट्रा या डच शास्त्रज्ञाने १९६०च्या दशकात अनेक प्रवाहांना शिस्त लावणारी सेमाफोरची कल्पना मांडली, तिचे नावही रेल्वेच्या सिग्नलवरूनच आले.

पण लॉक जपून वापरा. पान उघडण्याआधीच लॉक घेतले आणि भाव लिहून झाल्यावर सोडले, तर आठ थ्रेड असूनही काम एकाच्याच वेगाने होईल. लॉक फक्त लिहिण्याच्या क्षणापुरते घ्यायचे. एका थ्रेडने फाईलचे लॉक धरून लॉगिनच्या लॉकची वाट पाहायची आणि दुसऱ्याने लॉगिनचे धरून फाईलची, असे झाले की बॉट कायमचा अडकतो. म्हणून लॉक सगळीकडे एकाच क्रमाने घ्यावेत. याहून बरी वाट मला रांगेची वाटते. सगळे थ्रेड मिळालेले भाव एका क्यूमध्ये टाकतात आणि लिहिणारा थ्रेड एकच असतो. सेलेनियम या साधनाने ब्राउझर चालवत असाल तर प्रत्येक थ्रेडला ब्राउझर हाकणारा स्वतःचा वेबड्रायव्हर द्या. एकच वेबड्रायव्हर अनेकांनी वापरणे सुरक्षित नाही.

थ्रेड किती ठेवायचे, हे फक्त आपल्या संगणकावर ठरत नाही. २०२१ च्या मे महिन्यात अठरा ते चव्वेचाळीस वयाच्या लोकांसाठी लसीकरण खुले झाले आणि जागा मिळेनात. देशभरच्या तरुणांनी कोविन या लसनोंदणीच्या सरकारी व्यवस्थेच्या खुल्या एपीआयवर, म्हणजे प्रोग्रामना थेट माहिती देणाऱ्या खिडकीवर, बॉट लिहिले, जागा दिसताच टेलिग्रामवर निरोप धाडले. त्या कामाबद्दल मला मनापासून आदर आहे. पण त्या एपीआयची मर्यादा होती, एका आयपी पत्त्यावरून पाच मिनिटांत शंभर मागण्या. म्हणजे सरासरी तीन सेकंदांना एक. धुळे, नंदुरबार, जळगाव हे तीन जिल्हे पाहायचे तर नऊ सेकंदांत एक फेरी होते, आणि तेवढ्याला एक थ्रेड पुरतो. शिवाय मिळणारी माहिती साठवलेली असे, ती तीस मिनिटांपर्यंत जुनी असू शकते असे कोविननेच लिहून ठेवले होते. पन्नास थ्रेड लावणाऱ्याच्या हाती तीच शिळी माहिती पन्नास वेळा येणार आणि वर पत्ता अडवला जाणार.

म्हणून बॉटमध्ये थ्रेडच्या संख्येइतकाच मागण्यांचा वेग बांधून ठेवा. सर्व्हरने ४२९ हा आकडा पाठवला तर त्याचा अर्थ फार मागण्या येत आहेत, थांबा. थांबण्याचा अवधी दर वेळी दुप्पट करा आणि त्यात थोडा कमीजास्तपणा ठेवा, नाहीतर सगळे थ्रेड एकाच क्षणी पुन्हा धडकतील. टाइमआउट तर हवाच. पायथनच्या रिक्वेस्ट्स या लायब्ररीत तो आपण दिल्याशिवाय नसतो. उत्तर न देणाऱ्या एका सर्व्हरपायी थ्रेड तासन्‌तास लटकून राहू शकतो.

याच विद्येचा एक उपयोग मला मान्य नाही. लग्नसराईत सुरतेहून गावी येणाऱ्या मजुराला तत्काळ तिकीट मिळत नाही, कारण त्याच्या आधी कोणाची तरी स्क्रिप्ट रांगेत घुसलेली असते. रेल्वेने जुलै २०२५ पासून ऑनलाइन तत्काळसाठी आधार पडताळणी सक्तीची केली आणि पहिली तीस मिनिटे एजंटांना बंद ठेवली, ते योग्यच झाले. दुसऱ्याची जागा बळकावणारा बॉट कितीही कौशल्याने लिहिलेला असला तरी तो लिहू नये.

ज्यांना आजच सुरुवात करायची आहे, त्यांनी आधी बॉट एकाच थ्रेडवर चालवून वेळ मोजावा. मग दोन, चार, आठ असे वाढवत जावे. ज्या टप्प्यावर वेळ कमी होणे थांबते किंवा चुका वाढू लागतात, त्याच्या एक पाऊल मागे यावे. पायथनमध्ये थ्रेडपूलएक्झिक्युटर वापरला तर ही संख्या एका ठिकाणी बदलता येते. प्रत्येक नोंदीत वेळेबरोबर थ्रेडचे नाव लिहा, म्हणजे कोण कुठे अडकला ते सापडेल. आणि वीज गेली, बॉट मध्येच बंद पडला, तर कोणती पाने आणून झाली हे डिस्कवर लिहिलेले असू द्या, म्हणजे पुन्हा सुरू करताना उरलेलीच आणावी लागतील.