रुग्णासाठी आपली लस



राज्यभरातल्या परिचारिका, डॉक्टर, तंत्रज्ञ व रुग्णालय प्रशासनातील सहकाऱ्यांच्या या परिषदेचं अध्यक्षपद तुम्ही मला दिलंत, त्याबद्दल मनापासून आभार. अध्यक्षाने साऱ्या क्षेत्राचा आढावा घ्यावा, अशी रीत आहे. मी मात्र एकाच विषयावर बोलणार आहे : रुग्णालयात राबणाऱ्या प्रत्येकाने दरवर्षी घ्यायची फ्लूची लस.

१० जानेवारी १८९७ रोजी मुंबईत प्लेगची लस शोधणाऱ्या वाल्डेमार हाफकिन यांनी ती आधी स्वतःला टोचून घेतली. आपण त्याच परंपरेतली माणसं. बाळाला लस देताना घाबरलेल्या आईची समजूत काढणं हे आपलं रोजचं काम. स्वतःची लस मात्र ‘बघू पुढच्या आठवड्यात’ म्हणत राहून जाते.

ऑगस्ट २००९ पुणेकर विसरलेले नाहीत. स्वाइन फ्लूने देशातला पहिला बळी पुण्यात घेतला, अवघ्या १४ वर्षांच्या शाळकरी मुलीचा. शाळा बंद झाल्या, नायडू रुग्णालयासमोर तपासणीसाठी रांगा लागल्या. त्या रांगा सांभाळणारी माणसं आपलीच होती. तो विषाणू आज हंगामी फ्लूचा भाग झाला आहे. भीती ओसरली, विषाणू आपल्यातच आहे.

त्याची खोड आपण ओळखली पाहिजे. ताप चढण्याच्या आदल्या दिवसापासूनच माणूस तो पसरवू शकतो. सिस्टर आयसीयूत रुग्णाची कूस बदलते, तोंडाशी वाकून सक्शन करते, तेव्हा तिला स्वतःला काहीच जाणवत नसतं. दुसऱ्या दिवशी अंग मोडून येतं, तरी माणसं कमी म्हणून ती गोळी घेऊन ड्यूटीवर येते. समोर असतो केमोथेरपीचा रुग्ण, गरोदर बाई, सत्तरीचे दम्याचे आजोबा.

आता वॉर्डात ऐकू येणाऱ्या शंका. ‘लस घेतली आणि फ्लूच झाला.’ आपण दंडात टोचतो त्या लशीत जिवंत विषाणू नसतो, तिच्यामुळे फ्लू होऊच शकत नाही. दंड ठणकतो, एखाद-दोन दिवस कणकण वाटते, इतकंच. ‘गेल्या वर्षी घेतली होती की!’ विषाणू रूप बदलतो, म्हणून जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा, फेब्रुवारीत आणि सप्टेंबरात, लशीतले घटक ठरवते. शिवाय आपली प्रतिकारशक्तीही उतरते. ‘लस घेऊनही आजारी पडलो.’ तसं होतं, हे मान्य केलं पाहिजे. लस विषाणूशी चांगली जुळली, तरी संरक्षण साधारण ४० ते ६० टक्के. मास्क आणि हात धुणं सुटत नाही. पण निम्म्याच्या आसपास धोका एका सुईने टळत असेल, तर रुग्णाच्या वतीने तो टाळणं आपल्यावर बंधनकारक आहे.

उपदेशाने मात्र लसीकरणाचा टक्का वाढत नाही. लस दुपारी दोनपर्यंत ओपीडीच्या खोलीत ठेवली, तर नाइट ड्यूटीची सिस्टर ती घेणार कधी? आपल्याकडे पावसाळ्यात फ्लू उसळतो आणि लशीचं संरक्षण तयार व्हायला सुमारे दोन आठवडे लागतात. म्हणून एप्रिल-मे महिन्यांत, हँडओव्हरच्या वेळी, आइसपॅकच्या डब्यासह ट्रॉली वॉर्डात फिरली पाहिजे. पहिली लस अधिष्ठात्यांनी आणि विभागप्रमुखांनी सगळ्यांसमोर घ्यावी.

आणि कंत्राटी मावशी, मामा, सफाई कामगार, सुरक्षारक्षक यांना यादीतून वगळू नका. डॉक्टर राउंड घेऊन जातात. बेडपॅन देणारी, चादर बदलणारी मावशी दिवसभर रुग्णाजवळ असते. लशीसाठी तिच्या खिशाला हात लागता कामा नये. ताप आला तर तिला भरपगारी रजा हवी. घरी थांबलं की दिवस बुडतो, या धास्तीने आलेल्या मावशीला आपण दोष देऊ शकत नाही.

माझी विनंती एकच. पुढच्या परिषदेला येताना प्रत्येकाने आपल्या रुग्णालयाचा लसीकरणाचा टक्का घेऊन यावा : डॉक्टरांचा वेगळा, परिचारिकांचा वेगळा, कंत्राटी कामगारांचा वेगळा. शेवटचा आकडा पहिल्याच्या बरोबरीला आला, तर आपली परिषद कामी आली, असं मी मानेन.