सर्पगंधा आणि घरातील आजारी मन



मनाच्या आजाराविषयी आपल्या समाजात दोन मते सर्रास ऐकू येतात. हा आजारच नव्हे, मनाचा दुबळेपणा आहे, हे पहिले. दुसरे असे की, आजार असला तरी गोळ्या म्हणजे रसायने. त्यापेक्षा झाडपाला बरा, निदान त्याने अपाय तरी होत नाही.

पहिल्या मताला परंपरेचा आधार नाही. चरकसंहितेने रोग वाढविणाऱ्या गोष्टींत विषादाला अग्रस्थान दिले, उन्मादाची स्वतंत्र चिकित्सा सांगितली आणि मनाला अहितकर विषयांपासून आवरण्याच्या सत्त्वावजय चिकित्सेला औषधोपचारांच्या बरोबरीचे स्थान दिले. ज्या आचार्यांनी हे लिहिले, त्यांना मनोविकार हा चारित्र्यदोष वाटत नव्हता. दुसऱ्या मताचे उत्तर मात्र एका वनस्पतीच्या इतिहासात सापडते.

सर्पगंधेचे मूळ आपल्या देशात निद्रानाशावर आणि वेडावर पिढ्यान्‌पिढ्या वापरले गेले. १९३१ साली कोलकात्याचे डॉ. गणनाथ सेन आणि डॉ. कार्तिकचंद्र बोस यांनी उन्माद व रक्तदाब या दोहोंवरील तिचा गुण शोधनिबंधातून मांडला. १९४९ मध्ये मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या रुग्णांवरील आपले निष्कर्ष ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये प्रसिद्ध केले आणि पाश्चात्त्य वैद्यकाचे लक्ष या मुळीकडे वेधले गेले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीतील संशोधकांनी तिच्यातून रेसर्पीन हे द्रव्य वेगळे केले. ते मनोरुग्णांना देऊन पाहणारे अमेरिकेचे डॉ. नेथन क्लाईन आणि आपले डॉ. वकील, दोघेही १९५७ च्या लास्कर पुरस्काराचे मानकरी ठरले. अभिमान वाटावा असाच हा इतिहास आहे.

परंतु तो येथे संपत नाही. रक्तदाबासाठी रेसर्पीन घेणाऱ्या काही रुग्णांना खोल नैराश्याने ग्रासल्याच्या नोंदी पन्नाशीच्या दशकातच होऊ लागल्या. हे द्रव्य मज्जापेशींतील सेरोटोनिन, नॉरअॅड्रेनॅलिन यांसारख्या रसायनांचे साठे रिते करते, असे दिसून आले. अशा नैराश्याचे प्रमाण किती, यावर पुढे मतभेद झाले. तरी ज्याला पूर्वी नैराश्य येऊन गेले आहे त्याला हे औषध देऊ नये, हा दंडक कायम राहिला. उन्मत्ताला शांत करणारी मुळी खिन्न माणसाला अधिक खोल लोटू शकते. जिच्यात गुण आहे तिच्यात अपायाचीही शक्ती असतेच. मग कोणाच्या तरी सांगण्यावरून आणलेले चूर्ण घरातल्या खिन्न मुलाला द्यावे काय?

येथे निदानाचा प्रश्न येतो. दोन आठवडे वा अधिक काळ टिकणारी उदासी, कशातच गोडी न वाटणे, झोप आणि भूक बिघडणे हे नैराश्य. द्विध्रुवी विकारात याच माणसाला कधी उलट लाट येते. दोन-तीन तासांची झोप पुरते, बोलणे आवरत नाही, उधळपट्टी होते, एका रात्रीत दहा योजना जन्म घेतात. कार्यकर्त्यांच्या वर्तुळात तर अशा माणसाचे आधी कौतुकच होते! डॉक्टरांकडे तो येतो खिन्न अवस्थेत, आणि उत्साहाचे ते दिवस घरचे कोणी सांगतच नाही. मग केवळ नैराश्याचे औषध दिले जाते आणि त्यातून उन्माद उसळू शकतो.

या विकारावरचे एक प्रमुख औषध, लिथियम, हे वस्तुतः निसर्गातले खनिजच. ऑस्ट्रेलियाच्या डॉ. जॉन केड यांनी त्याचा उन्मादावरील उपयोग १९४९ सालीच प्रसिद्ध केला. त्याची हितकर मात्रा आणि विषारी मात्रा यांत अंतर थोडे, म्हणून रक्ततपासणी वारंवार करावी लागते. शरीरातले पाणी वा मीठ घटले की रक्तातील लिथियम वाढते. तेव्हा निर्जळी उपवास, अळणी व्रत, उन्हातली लांब पदयात्रा, जुलाब हे सारे अशा रुग्णाला धोक्याचे. नियम मोडणे जिवावर येत असेल, तर डॉक्टरांना आधी विचारावे. बरे वाटते म्हणून गोळ्या एकाएकी बंद करणे तर त्याहून घातक. उन्माद पुन्हा उलटतो आणि आत्महत्येचा धोका वाढतो.

मग दिनचर्या, योग, प्राणायाम यांना स्थान नाही काय? निश्चित आहे. ठरल्या वेळी झोपणे-उठणे, सकाळचे ऊन, व्यायाम यांचा नैराश्यात लाभ होतो. द्विध्रुवी विकारात तर जागरणानेच उन्मादाला तोंड फुटू शकते. घरात लग्न असो वा उत्सव, त्या माणसाला वेळेवर झोपू द्यावे. मात्र हे सारे औषधाच्या जोडीला, त्याच्या जागी नव्हे. वैद्यांना गोळ्यांची नावे आणि मनोविकारतज्ज्ञांना काढ्या-चूर्णांची नावे न लपवता सांगावीत. आणि घरातले कोणी मरणाची भाषा बोलू लागले, तर त्याला एकटे सोडू नये. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या शासनाच्या टेली-मानस सेवेचा क्रमांक १४४१६ आहे. तेथे मराठीतूनही बोलता येते.