गोळी आणि गाळणी

रामिप्रिल सुरू केल्यावर पंधरा दिवसांत अम्मीचं क्रिएटिनिन १.५ वरून १.८ वर गेलं. मी घाबरून परस्पर गोळी बंद केली. डॉक्टर रागावले. मग कागदावर त्यांनी मूत्रपिंडातली गाळणी काढली: एक रक्तवाहिनी आत येणारी, एक बाहेर जाणारी. ही गोळी बाहेरची वाट सैल करते. गाळणीतला दाब उतरतो, गाळणं जरा मंदावतं, म्हणून आकडा चढतो. पण लघवीतून जाणारं प्रथिन घटतं, दुखावलेली गाळणी जास्त टिकते. ३० टक्क्यांपर्यंतची वाढ बहुधा चालते. त्यापुढे गेली किंवा पोटॅशियम वाढलं तर पुन्हा तपासणी. जुलाब-उलट्या झाल्या तर लगेच विचारायचं.

अम्मी म्हणाली, "काटछाट तुझ्या कवितेत कर, माझ्या गोळ्यांत नको."