न कापता पाहणारा प्रकाश

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत विज्ञानदिनी कोलकाता येथे दिलेले भाषण)



काल याच सभागृहात आपण मराठी भाषा गौरव दिन साजरा केला. कविता झाल्या, मुलांनी उतारे म्हणून दाखविले आणि पुरणपोळीच्या जेवणाने सांगता झाली. आज २८ फेब्रुवारी, राष्ट्रीय विज्ञानदिन. १९८७ सालापासून हा दिवस देशभर पाळला जातो. परंतु ज्या घटनेची ही आठवण, ती आपल्या या कोलकाता शहरातच घडली, याची जाणीव इथे वर्षानुवर्षे राहूनही आपल्यापैकी पुष्कळांना नसेल. बहुबाजार रस्त्यावर २१० क्रमांकाच्या वास्तूत इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स ही संस्था होती. पुढे ती जादवपूरला गेली, आणि रस्त्याचे नावही बदलून बिपिन बिहारी गांगुली स्ट्रीट झाले. २८ फेब्रुवारी १९२८ रोजी त्या वास्तूत चंद्रशेखर वेंकट रामन यांना प्रकाशाचे एक नवे लक्षण निश्चितपणे आढळले. रामनही आपल्यासारखेच नोकरीनिमित्त या शहरी आलेले होते. १९०७ साली सरकारी हिशेबखात्याच्या नेमणुकीवर ते येथे आले, आणि कचेरीच्या आधी व नंतरच्या वेळात त्या संस्थेत प्रयोग करू लागले.

ती संस्था १८७६ साली स्थापन करणारे डॉ. महेंद्रलाल सरकार हे व्यवसायाने वैद्य होते. एका वैद्याने बांधलेल्या घरात लागलेला शोध जवळजवळ एका शतकानंतर पुन्हा रोग्याच्या उशाशी येऊ पाहत आहे. ही कथा आज आपल्यापुढे मांडावी, आणि तिच्या शेवटी एक घरगुती विनंती करावी, एवढाच आमचा हेतू आहे. आम्ही आयुष्यभर भौतिकशास्त्र शिकविले. वैद्यकाचा अधिकार आम्हांस नाही; प्रकाशाविषयी मात्र चार शब्द बोलण्याची सवय आहे.

प्रथम रामन यांना काय आढळले ते पाहू. एखाद्या स्वच्छ द्रवातून एकाच रंगाचा प्रकाश सोडला, तर त्यातील थोडा प्रकाश आजूबाजूला विखुरतो. बहुतेक सर्व विखुरलेला प्रकाश मूळच्याच रंगाचा असतो. परंतु त्याचा अत्यल्प अंश, ढोबळ मानाने कोटीतील एखादा कण, किंचित वेगळ्या रंगाचा होऊन बाहेर पडतो. असे का व्हावे? द्रवाचे रेणू स्थिर नसतात. प्रत्येक रेणू आपापल्या विशिष्ट लयीत कंप पावत असतो. प्रकाशकण रेणूवर आदळताना आपल्या ऊर्जेचा थोडा भाग त्या कंपनाला देतो आणि तेवढा उणा होऊन परततो. किती उणा झाला हे मोजले, की तो कोणत्या रेणूला भेटून आला हे सांगता येते. तबल्याची थाप आणि मृदंगाची थाप आपण डोळे मिटूनही ओळखतो. त्याच न्यायाने प्रकाशाच्या बदललेल्या रंगावरून पदार्थ ओळखता येतो. या शोधात रामन यांना के. एस. कृष्णन यांचे मोलाचे साहाय्य झाले, आणि १९३० साली रामन यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

मात्र हा परिणाम फार क्षीण. त्या काळी पाऱ्याच्या दिव्याचा प्रकाश वापरून त्याची छायाचित्रे घ्यावी लागत, आणि एकेका चित्राला तासन् तास लागत. जिवंत माणसाच्या गालावर असा प्रयोग करणे अशक्यच होते. त्यासाठी एकाच शुद्ध रंगाचा, एकाच दिशेने जाणारा आणि प्रखर प्रकाश हवा होता. तो मिळण्यास आणखी बत्तीस वर्षे जावी लागली. ज्या तत्त्वावर असा प्रकाश निर्माण होतो ते उद्दीपित उत्सर्जनाचे तत्त्व आइन्स्टाइन यांनी १९१७ सालीच मांडले होते. प्रत्यक्ष लेसर मात्र १६ मे १९६० रोजी अमेरिकेत थिओडोर मेमन यांनी माणकाच्या कांडीतून साध्य केला. पुढे १९६४ साली बेल प्रयोगशाळेत सी. कुमार पटेल यांनी कार्बन डायऑक्साइड वायूचा लेसर सिद्ध केला. कारखान्यात पोलाद कापण्यापासून शस्त्रक्रियागृहात ऊतक कापण्यापर्यंत तो आज उपयोगात आहे. हे पटेल जन्मले बारामतीस आणि अभियांत्रिकी शिकले पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात, हे सांगताना आम्हांस थोडा अभिमान वाटला, तर तो आपण गोड मानून घ्यावा.

कापणारा लेसर सर्वांना परिचित आहे. आजचा विषय पाहणाऱ्या लेसरचा आहे. आपल्यातील वडीलधाऱ्यांपैकी अनेकांची डोळ्यांच्या दवाखान्यात ‘ओसीटी’ नावाची तपासणी झाली असेल. यंत्रापुढे हनुवटी टेकवायची, एका ठिपक्याकडे पाहायचे, आणि क्षणार्धात दृष्टिपटलाचे थर कांद्याच्या पाकळ्यांसारखे पडद्यावर दिसू लागतात. सुई नाही, कात्री नाही. परत येणाऱ्या प्रकाशलहरींचे आपापसांतील व्यतिकरण मोजून कोणता थर किती खोल आहे हे येथे ठरविले जाते. मिलिमीटरच्या शंभराव्या भागाइतका फरकही त्यात उमटतो. ही पद्धत १९९१ साली अमेरिकेतील डेव्हिड हुआंग, जेम्स फुजिमोटो, एरिक स्वॉन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केली. मधुमेहाने दृष्टिपटलाला आलेली सूज रोग्याला अंधुक दिसू लागण्यापूर्वी हेरता येते, हा तिचा मोठा उपकार होय.

डोळा पारदर्शक असल्यामुळे तेथे प्रकाशाला आत जाण्यास वाट होती. शरीराचा आणखी एक भाग असा आहे की जो न कापता पाहता येतो, आणि तरीही आपण तो पाहत नाही. तो म्हणजे आपले तोंड. मुखाच्या कर्करोगाचे लाखाहून अधिक नवे रुग्ण भारतात दरवर्षी आढळतात. पुरुषांमध्ये तर हा आपल्या देशातील सर्वांत मोठा कर्करोग आहे. तंबाखू आणि सुपारी ही त्याची मुख्य कारणे. यांतली तंबाखू सर्वांना ठाऊक असते. सुपारीला मात्र आपण निरुपद्रवी समजतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेने २००४ साली तंबाखूविरहित सुपारीलाही कर्करोगकारक ठरविले आहे. सुपारीने गालाच्या आतील अस्तराखाली तंतू साठत जातात, गाल कडक होतो आणि तोंड उघडेनासे होते. १९५२ साली श्वार्ट्झ यांनी या विकाराचे वर्णन केले, ते केनियात राहणाऱ्या पाच भारतीय स्त्रियांवरून. पुढच्याच वर्षी मुंबईच्या डॉ. एस. जी. जोशी यांनी त्याला आज रूढ असलेले नाव दिले. घर सोडून समुद्रापलीकडे गेलेल्या त्या भगिनींनी आपली सवय बरोबर नेली होती. आपणही महाराष्ट्रातून येताना दिवाळीच्या फराळाच्या कृतींबरोबर काय काय आणले आहे, याचा विचार करावा.

कर्करोग एका रात्रीत होत नाही. प्रथम अस्तरातील पेशींच्या वाढीचे नियमन बिघडते. पेशीकेंद्र मोठे होते, पेशींची रांग विस्कटते. त्यांच्याखालचा कोलॅजेन नावाच्या प्रथिनाचा आधार झिजू लागतो, आणि वाढत्या पेशींना पोसण्यासाठी नव्या रक्तवाहिन्या फुटतात. हे सर्व घडत असता वरून फक्त एखादा पांढरा वा लाल चट्टा दिसतो, आणि दुखत तर मुळीच नाही. परंतु प्रकाशाला हा फरक जाणवतो. निळा वा जांभळा प्रकाश टाकला असता निरोगी अस्तर मंद हिरवट चमकते. यास अनुस्फुरण म्हणतात. कोलॅजेन झिजले आणि रक्त वाढले, की ती चमक विझते व रोगट जागा काळसर दिसते. इंदूरच्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात या तत्त्वावर मुखतपासणीचे एक सुटसुटीत उपकरण तयार झाले आहे.

रामन परिणाम याच्याही पुढे जातो. नवी मुंबईत खारघर येथे टाटा स्मारक केंद्राची ‘ॲक्ट्रेक’ ही कर्करोग-संशोधन संस्था आहे. तेथील संशोधकांनी अवरक्त लेसरचा किरण काचतंतूच्या सळईतून रुग्णाच्या गालाच्या आतल्या बाजूस टेकवून परत येणारा प्रकाश तपासला. निरोगी अस्तरात स्निग्ध पदार्थांच्या खुणा ठळक असतात, तर गाठीत प्रथिनांच्या. १९२८ साली बाटलीतील द्रवांवर केलेला प्रयोग आता काही सेकंदांत जिवंत ऊतकावर होऊ लागला आहे. त्याहून महत्त्वाचे असे की, तंबाखू खाणाऱ्याचे डोळ्याला निरोगी दिसणारे अस्तरही न खाणाऱ्याच्या अस्तराहून वेगळा वर्णपट देते, असे त्यांना आढळले. चट्टा उमटण्यापूर्वीच प्रकाश सावध करू शकेल, ही आशा त्यातून निर्माण झाली आहे.

येथे अतिशयोक्ती टाळली पाहिजे. साधा व्रण किंवा दाताच्या घर्षणाने झालेली सूजही अनुस्फुरणात काळसर दिसू शकते. रामन वर्णपटाचा अर्थ लावण्यास हजारो रुग्णांच्या नोंदींशी तुलना करावी लागते. कर्करोग आहे की नाही याचा अंतिम निर्णय आजही ऊतकाचा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावरच होतो. ‘लेसरने बघतो, तुकडा काढायला नको’ असे कोणी आश्वासन दिले, तर त्यावर विसंबू नये. लेसरचे काम कुठे आणि केव्हा तुकडा काढावा हे दाखविण्याचे आहे.

आता ज्या गोष्टीसाठी आम्ही हा विषय निवडला ती सांगतो. आमच्या आत्या सातारा जिल्ह्यातून आमच्याकडे राहावयास आल्या होत्या. त्या काळच्या अनेक स्त्रियांप्रमाणे सकाळी मशेरी लावण्याची त्यांना लहानपणापासून सवय होती. एके दिवशी भाजी तिखट लागते म्हणून त्यांनी ताट बाजूस सारले. “अरे, तोंड आलंय नुसतं. एवढ्याशासाठी डॉक्टर कशाला?” असे त्या म्हणाल्या, आणि आम्ही ते मानले. घरात जाईचा पाला आणून दिला, तुरटीच्या गुळण्या झाल्या, तूप लावून झाले. असे पाच महिने गेले. त्या काळात आम्ही महाविद्यालयात रोज प्रकाशाचे विकिरण शिकवीत होतो, आणि घरातील विजेरी स्वयंपाकघराच्या फळीवर पडलेली होती. ती हातात घेऊन “आत्या, जरा आ करा,” असे म्हणण्याचे आम्हांस सुचले नाही. मानेला गाठ दिसली तेव्हा आम्ही इस्पितळात गेलो. डॉक्टरांनी आम्हांला दोष दिला नाही, फक्त विचारले, “किती दिवसांपासून आहे हे?” उत्तर देताना आमची मान खाली गेली. शस्त्रक्रिया झाली; आत्या त्यानंतर वर्षभर होत्या. शेवटी त्यांना बोलता येत नसे, आणि पाटीवर लिहून त्या नातवंडांशी बोलत.

त्यानंतर आम्ही वाचू लागलो, आणि एक वृत्तांत आमच्या मनात कायमचा राहिला. १९९६ साली केरळात तिरुवनंतपुरम जिल्ह्यातील तेरा पंचायतींत एक मोठी पाहणी सुरू झाली. सुमारे एक लाख नव्वद हजार लोकांचे दोन गट केले. एका गटातील लोकांच्या घरी प्रशिक्षित आरोग्यसेवक ठराविक काळाने जात आणि उजेडात तोंड तपासून संशयितांना डॉक्टरांकडे पाठवीत. दुसऱ्या गटास नेहमीची सेवा होती. २००५ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तंबाखू किंवा मद्य घेणाऱ्यांमध्ये तपासणी झालेल्या गटात मुखकर्करोगाने होणारे मृत्यू सुमारे एकतृतीयांशाने कमी झाले होते. येथे लेसर नव्हता, वर्णपट नव्हता. उजेड, शिकलेला डोळा आणि उंबरठ्यापर्यंत येण्याची तयारी एवढेच होते.

म्हणून आमची विनंती अशी. महिन्यातून एकदा आरशासमोर उजेडात उभे राहून, आणि घरच्या वृद्धांच्या बाबतीत विजेरी घेऊन, ओठ, गाल, जिभेच्या कडा व जिभेखालची जागा पाहावी. पांढरा वा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरलेला व्रण, मानेतली गाठ, किंवा आपलीच तीन बोटे उभी मावणार नाहीत इतके कमी उघडणारे तोंड, यांपैकी काहीही आढळले तर घरगुती उपचार थांबवून दंतवैद्य वा डॉक्टरांकडे जावे. मंडळाने सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने दरवर्षी एक मुखतपासणी शिबिर भरवावे, आणि हळदीकुंकवाच्या तबकातील सुपारीच्या जागी लवंग-वेलदोडा ठेवावा. या सूचना लहान आहेत. परंतु परगावी आपले नातेवाईक दूर असतात, आणि “आ करा” असे म्हणणारे माणूस आपणच एकमेकांसाठी व्हावे लागते.

संशोधक आपले काम करीत आहेत. उद्या कदाचित लेसरची सळई गावोगावच्या दवाखान्यात येईल, आणि बहुबाजारच्या त्या वास्तूचे ऋण अंशतः फिटेल. तोपर्यंत आपल्या घरची विजेरी फळीवर पडून राहू नये. आत्यांच्या वेळी आमच्या हातून जे राहून गेले, ते आपल्यापैकी कोणाच्या घरी राहू नये, एवढीच इच्छा व्यक्त करून आम्ही आपली रजा घेतो.