चेहरा सावलीत, हात उजेडात
(शताब्दी सोहळ्यात दिंडीपुढे केलेले भाषण)



आज एका परदेशी साधूच्या चित्राविषयी दोन शब्द बोलतो. इटलीतल्या असिसी गावचे संत फ्रान्सिस. वडील कापडाचे व्यापारी, घरात कशाची कमी नाही. पोरानं सगळं सोडलं, जाडंभरडं वस्त्र अंगावर घेतलं, कमरेला दोरी बांधली. १२२६ मध्ये त्यांनी देह ठेवला.

पुढं चारशे वर्षांनी स्पेनमधल्या झुर्बारान या चित्रकारानं त्यांचं चित्र काढलं. ते आज लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. काळ १६३५ ते १६३९ च्या सुमाराचा. म्हणजे आपले तुकोबाराय देहूत होते, तोच काळ.

चित्रात मागं नुसता काळोख. साधू गुडघे टेकून बसलेत, मान वर. छातीशी माणसाची कवटी धरलीय. मरण असं हाताशी घेऊन बसलेत! एका बाजूनं उजेड येतो. तो पडतो बाहीवर, बोटांवर, नाकाच्या शेंड्यावर, किंचित उघड्या ओठांवर. डोळे मात्र झग्याच्या टोपीखाली सावलीत बुडालेले.

आता बघा, ज्याचं चित्र त्याचाच चेहरा झाकला! चित्रकाराला चेहरा काढता येत नव्हता का? उत्तम येत होता. पण डोळे दिसले असते तर आपण साधूकडंच बघत राहिलो असतो. ते दिसत नाहीत, म्हणून तो साधू जिकडं बघतो तिकडं आपलं मन जातं. चित्रात देव कुठं काढलेला नाही. नुसता उजेड आहे.

माऊली, आज आपल्याकडं चौकाचौकात चेहऱ्यांचे फ्लेक्स लागतात. वारीतही मोबाईल आधी स्वतःकडं वळतो. अशा वेळी हे चित्र आठवावं.

पण एक भेद ध्यानात ठेवा. साधूनं सावली स्वतः ओढून घेतली होती. आपल्या दिंडीत शंभर वर्षं पहाटे उठून चूल पेटवणाऱ्या मायबहिणी, राहुट्या ठोकणारे, पाणी वाहणारे यांच्यावर मात्र सावली आपण पाडली. त्यांचे फोटो नाहीत, वहीत नावंही नाहीत. स्वतः मागं राहणं ही भक्ती. दुसऱ्याला मागं ठेवणं हा अन्याय.

म्हणून घरोघरच्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, आणि ती नावं यंदा वहीत लिहून घ्या. आपलं नाव शेवटी लिहिलं तरी चालेल.

रामकृष्ण हरी.